सातव्या प्रकरणातला भाऊ

४ मार्च

प्रिय मामा,

नमस्कार, तब्येत, हवापाणी हे सगळं विचारून झालं असं समज. आता मुद्द्याचं. सोबत एक जाडजूड गठ्ठा पाठवते आहे. घाबरू नकोस, कादंबरी आहे. चौदा प्रकरणं. तुझ्या भाचीने लिहिली आहे, वजनकाट्याच्या केबिनमध्ये बसून, दोन ट्रकांच्या मधल्या वेळात. सहा वर्षं लागली. ट्रक फार येतात, दुसरं काय.

हसून झालं असेल तर पुढे वाच. तुझ्या त्या प्रकाशक मित्राला मी फोन केला होता. तो म्हणाला, "तुमच्या मामांनी तपासून 'छापण्याजोगी' अशी दोन ओळींची चिठ्ठी दिली तर बघतो. एरवी माझ्या टेबलावर असे चाळीस गठ्ठे धूळ खात पडलेत." म्हणजे माझं घोडं तुझ्यापाशी अडलं आहे. अडतीस वर्षं छापखान्यात बसून जगाची प्रुफं तपासलीस, आता घरच्या माणसाची तपास.

गोष्ट एका बाईची आहे. रुग्णालयाच्या धुलाईखान्यात काम करते, नवऱ्याचा मार खाते, एक दिवस मुलीला घेऊन घर सोडते, परत येते, आणि मग काय करते ते तू वाचशीलच. ही आईची गोष्ट का, असं विचारू नकोस. आहे आणि नाही. आईने धुलाईखान्यात काम केलं आणि बाबांचा हात चालायचा, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. बाकीचं मी रचलं आहे.

लाल शाई भरून ठेव.

तुझी काटेवाली


२१ मार्च

काटेवालीबाईंस,

पहिली सहा प्रकरणं तपासून परत पाठवतो आहे. लाल शाईची एक बाटली संपली, दुसरी फोडली आहे.

तू म्हणतेस, 'वाचशीलच'. मी वाचत नाही. तुला कधी सांगितलं नसेल, म्हणून सांगतो. मी प्रूफ उलटं तपासतो. पानाच्या शेवटच्या शब्दापासून सुरुवात करायची, मग त्याच्या आधीचा शब्द, मग त्याच्या आधीचा, असं करत पानाच्या माथ्यापर्यंत. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मला हे शिकवलं गेलं. गोष्टीत शिरलं की डोळा पुढे काय होतं ते बघायला धावतो आणि वाटेतल्या चुका गिळत जातो. उलटं गेलं की गोष्ट उरतच नाही, नुसते शब्द उरतात. अडतीस वर्षांत ढीगभर रहस्यकथा तपासल्या, पण खून कुणी केला हे मला एकाही पुस्तकात कळलेलं नाही. तुझी मामी चारचौघांत सांगते, या माणसाने हजार पुस्तकं हाताळली आणि एकही वाचलं नाही.

तेव्हा तुझी बाई पुढे काय करते ते मला ठाऊक नाही, पण जे करते ते 'अचानक' करते. सहा प्रकरणांत सत्तावन्न वेळा. तुझ्या काट्यावर ट्रक अचानक येतो का? आधी लांबून धूळ दिसत असेल ना? मग ती धूळ दाखव आणि 'अचानक' खोड. शिवाय पान एकोणचाळीसवर बादली पत्र्याची आहे आणि एक्केचाळीसवर प्लास्टिकची. धुलाईखान्यात बादल्या पुष्कळ असतील, पण वाचणाऱ्याला तू एकच दिली आहेस.

बाकी हात बरा आहे. पुढची आठ प्रकरणं घेतली आहेत.

मामा


२ एप्रिल

प्रिय मामा,

सत्तावन्नपैकी चोपन्न खोडले. तीन ठेवले. हट्ट म्हण. बादली पत्र्याची केली.

तुझं उलटं वाचन ऐकून मी केबिनमध्ये एकटीच हसत बसले, बाहेर ट्रकवाला हॉर्न वाजवतोय तरी भान नाही. मलाही कामातूनच एक युक्ती सापडली आहे. आम्ही ट्रक भरलेला तोलतो, रिकामा होऊन आला की पुन्हा तोलतो, आणि वजाबाकी केली की आत किती माल होता ते कळतं. मी परिच्छेदांना तेच लावते. एक परिच्छेद काढायचा आणि प्रकरण पुन्हा वाचायचं. काहीच हललं नाही, तर तो नुसता रिकामा ट्रक होता. असे सत्तरेक ट्रक आतापर्यंत बाहेर काढले. काही तर मला फार आवडायचे. दोन दिवस तोंड पाडून बसते, मग विसरते.

आणखी एक गंमत. आईचे डोळे आता पार अधू झालेत, म्हणून दर रविवारी सकाळी मी तिला एकेक प्रकरण वाचून दाखवते. ती लसूण सोलत ऐकते. दुसऱ्या प्रकरणाला म्हणाली, "ही बाई एवढी भाषणं कशाला ठोकते गं? मार खाल्लेलं माणूस असं बोलत नाही. ते आधी भांडी आपटतं." भाषण कापलं, भांडी आपटली, आणि प्रकरण जागेवर आलं. तू नि आई मिळून माझं भलं करणार असं दिसतंय. आमचं चौथं झालं.

काटेवाली


१९ एप्रिल

चि. भाचीस आशीर्वाद.

प्रकरण सात ते चौदा परत पाठवत आहे. आठपासून पुढे खुणा केल्या आहेत, त्या पाहून घेणे.

सातवं प्रकरण काढून टाकावं. त्यात कथा अडते. बाई घर सोडते ते सहाव्यात, परत येते ते आठव्यात. मध्ये भावाच्या दारात उभी राहते त्याला चौदा पानं देण्याचं कारण नाही. तो भाऊ त्याआधी नाही, त्यानंतर नाही. एकाच प्रकरणापुरतं आलेलं माणूस कादंबरीला ओझं होतं, हे कुणीही सांगेल. अगदीच ठेवायचं असेल तर अर्ध्या पानात आटप. दाराला कुलूप होतं, भाऊ परगावी गेला होता, बाई परत फिरली. पुरे.

हे झाल्याखेरीज मी चिठ्ठी देऊ शकणार नाही. माझ्या शब्दावर तो माणूस पुस्तक हाती घेतो, त्या शब्दाची मला किंमत आहे.

तुझ्या आईलाही हे प्रकरण वाचून दाखवू नये. डोळे अधू, वय झालेलं, उगाच मनाला त्रास.

मामा


२७ एप्रिल

मामा,

तुझं पत्र तीनदा वाचलं. सरळच वाचलं. 'पाहून घेणे' काय, 'पुरे' काय, हे तू लिहिलंस की छापखान्याच्या मालकाने?

तरी मी रागाने लगेच उत्तर दिलं नाही. तू म्हणालास तसं करून बघितलं, अगदी इमानाने. सातवं काढलं आणि सहाव्याला आठवं जोडून वाचलं. बाई घर सोडते, आणि दुसऱ्या पानावर गुमान नवऱ्याच्या दारात हजर. का परत आली? कळतच नाही. नुसती भित्री वाटते. वाचणारा म्हणेल, हिला मारच खायचा होता. मग तुझं कुलूप लावून बघितलं. कुलूप लावलं आणि सगळे सुटले! भाऊ परगावी, त्याचा दोष नाही. बाईचं नशीब, तिचाही नाही. कुणाचाच नाही. मामा, मी सहा वर्षं केबिनमध्ये घाम गाळला तो कुणाचाच दोष नाही हे सांगायला नाही. सातवं हाच माल आहे. ते काढलं तर सगळा ट्रक रिकामा जातो.

आणि मला ते प्रकरण आवडतं, हे स्पष्टच सांगते. दार हिरवं आहे. मुलगी लहान, तिला कडी दिसत नाही, तिला दाराखालची फट दिसते. फटीतून आतल्या माणसाचे दोन पाय दिसतात, उजव्या अंगठ्याला पट्टी. आई कडी वाजवते. पाय थोडा वेळ थांबतात, मग मागे वळतात आणि निघून जातात. ती पट्टी मला कुठून सुचली कोण जाणे. पण ती सुचली आणि त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की मी लेखिका आहे. ते मी तुझ्या चिठ्ठीसाठी देणार नाही.

आता दुसरं. तुझ्या खुणा बघत होते. आठव्यात एकतीस, नवव्यात सव्वीस. सातव्यात एकही नाही. मला वाटलं, वा, हे तरी स्वच्छ उतरलंय. मग मीच तपासलं. एक अख्खा परिच्छेद मी दोनदा उतरवून ठेवला आहे. पान एकशे तीन दोनदा आलंय. मुलीचा झगा जिना चढताना पिवळा आणि उतरताना निळा. एक वाक्य अर्ध्यावर सुटलंय, त्याला शेवटच नाही. हे तुझ्या नजरेतून सुटलं? बादली पकडणाऱ्या माणसाच्या?

तू हे प्रकरण उलटं तपासलं नाहीस, मामा. तू ते वाचलंस. गोष्टीसारखं, पहिल्या ओळीपासून. का?

तुला तो भाऊ म्हणजे आपणच असं वाटलं का? वेड लागलंय का तुला! आई मला घेऊन एकदा तुझ्याकडे आली होती आणि तू परगावी होतास, हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे. मी चार वर्षांची होते, मला त्यातलं काय आठवणार? कादंबरीतला भाऊ मी बनवलेला आहे. मला दाराआड एक माणूस हवा होता, म्हणून उभा केला. त्यावर रुसून बसू नकोस.

प्रकरण राहील. झगा पिवळा करते आहे.

काटेवाली


८ जून

मामा,

सहा आठवडे झाले. फोन लावला तर मामी सांगते, "ते फिरायला गेलेत." चार वेळा फिरायला?

सहावं वाचून झाल्यापासून आई दर रविवारी विचारते, पुढचं कधी. मी दुरुस्त्या चालल्यात म्हणून टाळते आहे. फार दिवस टाळता येणार नाही. येत्या एकवीस तारखेला सातवं वाचणार. त्याआधी तुला काही सांगायचं असेल तर सांग.


१६ जून

पोरी,

तू ते बनवलेलं नाहीस.

दार हिरवं होतं. छापखान्याच्या मागे आमच्या दोन खोल्या होत्या, दुसऱ्या मजल्यावर. त्या आठवड्यात छपाईच्या शिशाच्या खिळ्यांनी भरलेला खण माझ्या पायावर पडला होता. उजव्या अंगठ्याला पट्टी होती, म्हणून मी दुपारी घरी होतो. तुझी मामी तपासणीसाठी दवाखान्यात गेली होती, सातवा महिना चालू होता. तू चार वर्षांची होतीस आणि तू पाहिलंस. एवढ्या वर्षांत कुठे ठेवलं होतंस ते तुझं तुला माहीत नसेल.

तुझे बाबा त्या छापखान्यात फोरमन होते. त्यांनीच मला तिथे चिकटवलं होतं. बहिणीला घरात घेतलं असतं तर दुसऱ्या दिवशी माझी नोकरी गेली असती आणि नोकरीबरोबर खोल्या. हे कारण म्हणून सांगत नाही. त्या वेळी डोक्यात काय होतं ते तुला लिहायला लागेल, म्हणून सांगतो.

संध्याकाळी मामी आली. तिलाही सांगितलं नाही. पुढच्या महिन्यात तुझी आई भेटली तेव्हा म्हणाली, "दादा, आले होते, तू परगावी होतास." मी हो म्हणालो. आजतागायत तेच चालू आहे. ती मला चांगला भाऊ समजते. दर वाढदिवसाला फोन करते. हे पुस्तक माझ्यावर आलं तर मी सोसेन, माझं वय झालं. पण तिला आता या वयात कळायला नको की आत मी होतो. मी गेल्यावर छाप, किंवा ती गेल्यावर. तू अजून तरुण आहेस, तुला घाई कसली? तिला वाचून दाखवू नकोस. हात जोडतो.

आणि एक चूक आहे. दाखवल्याशिवाय राहवत नाही. 'पाय मागे वळले आणि निघून गेले' असं तू लिहिलं आहेस. ते वळले नाहीत. मी कडीवर हात ठेवून उभा होतो. तुम्ही जिना उतरून जाईपर्यंत उभा होतो, नंतरही. निघून गेलेला माणूस बरा, त्याला ऐकू आलं नसेल असं तरी म्हणता येतं. ती ओळ दुरुस्त कर.

मामा


२२ जून

मामा,

तुझं पत्र शुक्रवारी आलं. मी ते केबिनमध्ये फोडलं आणि मग तीन ट्रक भलत्याच आकड्याने पाठवले, परत बोलवावे लागले. राग आला आहे. मऊ शब्द शोधत नाही, राग आला आहे. दार उघडलं नाहीस याचा आलाच, पण त्याहून जास्त या एप्रिलचा आला. माझी सगळ्यात खरी चौदा पानं तू 'कथा अडते' म्हणून काढायला सांगितलीस. मी तुझ्यावर भरवसा ठेवून ती खरंच काढून पाहिली. आठवडाभर मला वाटत होतं की आपल्याला लिहिता येत नाही. हे तू भाचीला केलंस, आणि ते तुझं वय तेहतीस असताना नाही, चौऱ्याहत्तर असताना.

ओळ दुरुस्त केली आहे. 'पाय हलले नाहीत.' तुझं बरोबर आहे, हे जास्त वाईट आहे आणि म्हणून जास्त चांगलं. पण तू सांगितलंस म्हणून केली नाही. दोन्ही ओळी जागेवर ठेवून तोलल्या, ही जड भरली.

प्रकाशकाला गठ्ठा परवा मी स्वतः नेऊन दिला. चिठ्ठीशिवाय. म्हटलं, "मामांची चिठ्ठी नाही आणि येणारही नाही. सातव्या प्रकरणापासून वाचा. तिथे अडलात तर परत पाठवा." त्याने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि गठ्ठा चाळिसांच्या वर ठेवला. पुढचं त्याच्या हातात आहे. मार्चमध्ये मला वाटत होतं की ते तुझ्या हातात आहे.

आणि हो, काल सकाळी आईला वाचून दाखवलं. हात जोडलेस ते मी पाहिले आणि तरी वाचलं. आधी तिला एवढंच विचारलं, "मामा म्हणतो हे तुला वाचून दाखवू नकोस. काय करू?" ती म्हणाली, "दादा म्हणतो ना? मग वाचच." पूर्ण ऐकलं. लसूण सोलायची थांबली नाही. मग म्हणाली, त्याचं पत्रही वाच. तेही वाचलं. मग म्हणाली, कागद घे. ते सोबत जोडलं आहे.

भाची


२१ जून

दादा,

पोरगी लिहिते आहे, मी सांगते आहे. मध्ये स्वतःचं काही घुसवायचं नाही असं तिला बजावलं आहे.

तुला वाटतं मला माहीत नव्हतं. दादा, तुझ्या चपला दाराबाहेर होत्या. उजव्या चपलेचा अंगठा कापलेला, पट्टी बसावी म्हणून. मी तीनदा कडी वाजवली आणि तिन्ही वेळा त्या चपलांकडे बघत होते. अडतीस वर्षं लोकांच्या चुका शोधल्यास आणि चपला आत घ्यायच्या विसरलास.

मामा परगावी गेलाय, असं पोरीला मी जिन्यातच सांगितलं. पुढे सगळ्यांना तेच सांगितलं, तुलाही. तुला वाचवायला नाही, एवढी मी भली नाही. मला माहेर आहे, फक्त आज तिथे माणूस नाही, असं मला स्वतःला सांगायचं होतं. ते सांगितल्याशिवाय त्या दिवशी जिना उतरता आला नसता. मग तेच बोलत राहिले. खोटं बोलून मलाही कंटाळा आलाय.

परत गेल्यावर अकरा दिवसांनी त्यांनी पुन्हा हात उचलला. मी म्हटलं, मारा, पण उद्या सकाळी छापखान्याच्या फाटकात उभी राहीन आणि आत जाणाऱ्या एकेकाला वळ दाखवीन. त्यांना फोरमनकी फार प्यारी. हात खाली आला, तो पुन्हा वर गेला नाही. दार बंद राहिलं म्हणून ही हिंमत आली, असं पोरीने पुढच्या प्रकरणात लिहिलंय म्हणते. असू दे. कादंबरीत शोभतं. मी तसं म्हणत नाही. दार उघडलं असतंस तर बरं झालं असतं.

चपलांचं घाल म्हटलं तर म्हणते, बघते. पुस्तक तिचं आहे, तिचं ती बघेल. पण प्रकरण राहील, आणि मी असताना छापून येईल. मी गेल्यावर छाप, असं तू लिहितोस. मला ते ऐकायचं आहे आणि लोकांनी मला विचारलेलंही ऐकायचं आहे. वहिनीला सगळं सांग, मुलांना सांग. हा भाऊ कोण असं कुणी विचारलं, तर तुझं तू सांग. नाही सांगितलंस तर मी सांगेन. दादा परगावी होता, हे मी आजवर शंभर जणांना सांगितलं असेल. त्यातले जिवंत आहेत त्यांच्या घरी जाऊन खरं काय ते सांगायला मला महिनाभर पुरेल. तू आधी सांगितलंस तर माझी पायपीट वाचेल.

बहीण